स्लॅबवर टाइल्स स्वतः बसवायच्या असतील तर

आमच्या हॉलमधल्या टाइल्सना दोन वर्षं झाली होती. जानेवारीतल्या एका पहाटे घरात सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. उठून दिवा लावला, तर मधल्या ओळीतल्या दोन टाइल्स एकमेकींना डोकं टेकून तंबूसारख्या उभ्या होत्या. काम करणाऱ्याने "ताई, फट दिसणारच नाही, आरशासारखं करून देतो" म्हटलं होतं आणि शब्द पाळला होता. टाइलला टाइल खेटून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. काँक्रीटचा स्लॅब ओतल्यावर पुढची काही वर्षं कणाकणाने आक्रसत असतो, थंडीत आणखी थोडा. वरची टाइल तेवढी आक्रसत नाही. दोन्ही बाजूंनी दाब येतो, सरकायला जागा नसते, मग ती वर उचलली जाते.

त्यामुळे वरच्या मजल्यावरची १० बाय १२ची खोली करायची वेळ आली तेव्हा ती मी स्वतः केली. शेजारचे निवृत्त गवंडी काका खुर्ची टाकून बसायचे आणि माझ्या चुका मोजायचे. सगळं मिळून पाच दिवस हाताला काम होतं, त्यातला टाइल्स चिकटवण्याचा भाग दीड दिवसाचा. बाकी वेळ मोजणं, खरवडणं आणि झाडणं. खाली जे लिहिलं आहे ते त्याच प्रमाणात आहे.

पहिल्यांदा करणाऱ्याने झोपायची किंवा अभ्यासाची खोली निवडावी. बाथरूमपासून सुरुवात करू नका. तिथे आधी वॉटरप्रूफिंग, मग दिवसभर पाणी कोंडून गळतीची चाचणी, मग नहाणी ट्रॅपकडे (पाणी जाण्याच्या जाळीकडे) मीटरमागे १० ते १२ मिलिमीटर उतार, अशी तीन कामं टाइलच्या आधी येतात, आणि चूक झाली तर ती खालच्यांच्या छतावर दिसते.

माल की केमिकल

आपल्याकडे जुनी पद्धत मालाची: वाळू-सिमेंटचा दीड-दोन इंच थर, त्यावर सिमेंटची स्लरी (पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट), त्यावर फरशी. शहाबादी, कोटा किंवा मोझॅकला ती उत्तम, कारण ती फरशी खालून पाणी पिते आणि सिमेंट धरून ठेवते. व्हिट्रिफाइड, म्हणजे भाजून काचेसारखी घट्ट केलेली टाइल, पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल. घरी करून बघा. साध्या सिरॅमिक टाइलच्या पाठीवर चमचाभर पाणी टाकलं तर ते बघता बघता जिरतं. व्हिट्रिफाइडच्या पाठीवर थेंब तसाच बसून राहतो. ज्यात पाणीच शिरत नाही त्यात सिमेंट तरी कसं शिरणार? म्हणून व्हिट्रिफाइडसाठी अ‍ॅडहेसिव्ह, ज्याला सगळे गवंडी सरसकट 'केमिकल' म्हणतात.

केमिकलचा दुसरा फायदा वजनाचा. दोन इंच मालाचं वजन चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास भरतं. माझ्या खोलीत ११ चौरस मीटर म्हणजे स्लॅबवर टनभर बोजा. केमिकल आणि टाइल मिळून उंची वाढते दीड सेंटिमीटर. मात्र केमिकल खड्डे बुजवत नाही. खालचा पृष्ठभाग सपाट नसेल तर टाइलही सपाट बसणार नाही.

पोत्यावर आयएस १५४७७ हा क्रमांक आणि टाइप पाहून घ्या. साध्या सिरॅमिकला टाइप १ चालतो, व्हिट्रिफाइडला टाइप २ किंवा त्याच्या वरचा घ्या. वीस किलोचं पोतं किती पुरेल याचा दुकानातला आकडा बहुधा पातळ थराचा असतो. मोठ्या टाइलला १० मिलिमीटर दात्यांची थापी वापरली की चौरस मीटरला साधारण सहा किलो लागतात. मला चार पोती लागली.

स्लॅब तपासणं

नवा स्लॅब असेल तर निदान २८ दिवस जाऊ द्या. जुना असेल तर आधी पूर्ण झाडा, मग पाण्याचे थेंब टाकत फिरा. थेंब जिरला तर ठीक. मोत्यासारखा तसाच राहिला तर तिथे तेल, रंग किंवा पॉलिश आहे. ते खरवडून काढायचं. गुळगुळीत कोबा (घोटलेली सिमेंटची जमीन) असेल तर छिन्नी-हातोडीने टाचे मारून खडबडीत करा, पण स्लॅबमधून वायरचे पाइप कुठून गेलेत ते आधी जाणून घ्या. तळमजल्यावरची खोली असेल तर दोन फुटी प्लास्टिकचा तुकडा चारी कडा चिकटवून एक दिवस ठेवा. आतून घाम धरला तर आधी ओल कुठून येते ते शोधा.

मग काठीने ठोकत चला. जिथे आवाज बद्द येतो तिथला वरचा थर सुटलेला असतो. माझ्या खोलीत खिडकीखाली परातीएवढा तुकडा असा निघाला. तो काढायला पंधरा मिनिटं लागली. तसाच ठेवला असता तर त्यावरची टाइलही त्याच्याबरोबर सुटली असती.

पातळी बघायला लेसर नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरा. नळीत बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर सगळं मोजमाप फसवं. चारी कोपऱ्यांत आणि भिंतींच्या मध्यावर एकाच पातळीची पेन्सिलची खूण करा, साधारण तीन फुटांवर. मग प्रत्येक खुणेपासून खाली जमिनीपर्यंत मोजा. अंतर जिथे सगळ्यात कमी, तिथे जमीन सगळ्यात उंच. माझ्याकडे दरवाज्यापाशी आणि समोरच्या कोपऱ्यात १४ मिलिमीटरचा फरक निघाला. काकांच्या भाषेत साडेचार सूत, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

अ‍ॅल्युमिनियमची सहा फुटी पट्टी जमिनीवर सगळ्या दिशांनी फिरवा. पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त उजेड दिसला तर तो खड्डा भरायचा. खड्डा इंचभर किंवा जास्त खोल असेल तर सिमेंटची स्लरी मारून एकास चारचा माल टाकावा आणि आठवडाभर पाणी मारावं. त्याहून कमी असेल तर साधा वाळूचा माल टाकू नका; पातळ थर वाळून तडकतो आणि पापुद्र्यासारखा निघतो. तिथे सेल्फ लेव्हलिंगचं पोतं किंवा पॉलिमर घातलेला दुरुस्तीचा माल वापरा. मी कोपरा सेल्फ लेव्हलिंगने भरला. ते अक्षरशः डोशाच्या पिठासारखं पसरतं. दरवाज्याशी लाकडी पट्टी लावून अडवलं नसतं तर जिन्याने उतरलं असतं.

याच वेळी दरवाजा उघडून बघा. खाली दीड-दोन सेंटिमीटर मोकळे नसतील तर सुताराला आत्ताच बोलवा.

कागदावरची फरशी

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. दुकानातली '२ बाय २' टाइल दोन फुटांची नसते. ती ६०० मिलिमीटरची असते, आणि दोन फूट म्हणजे जवळजवळ ६१०. हे दहा मिलिमीटर प्रत्येक टाइलमागे साठत जातात. १० बाय १२ला दुकानदार पाच गुणिले सहा, तीस टाइल्स आणि वर दहा टक्के असा हिशोब सांगतो. खोली मात्र ३०४८ मिलिमीटर रुंद. दोन्ही भिंतींशी ८-८ मिलिमीटर मोकळे सोडले तर ३०३२ उरतात. पाच टाइल्स आणि मधल्या दोन-दोन मिलिमीटरच्या फटी मिळून ३००८. म्हणजे आणखी एक फट सोडून शेवटी भिंतीलगत २२ मिलिमीटरची चिंधी. अशी पट्टी कापताना तुटते, नाही तुटली तरी वर्षानुवर्षं डोळ्यात खुपते. लांबीकडे तसंच: सहा टाइल्सनंतर ३० मिलिमीटर.

उपाय असा की ओळीतली एक पूर्ण टाइल कमी करायची आणि उरलेली जागा दोन्ही भिंतींकडे सारखी वाटायची. रुंदीत चार पूर्ण आणि दोन्ही बाजूंना ३११ मिलिमीटरचे तुकडे. लांबीत पाच पूर्ण आणि दोन्हीकडे ३१५चे. डोळ्याला अर्ध्या टाइलची चौकट दिसते आणि छान दिसते. पण ३११ हे अर्ध्यापेक्षा जास्त आहे, त्यामुळे एका टाइलमधून दोन तुकडे निघत नाहीत. सहा गुणिले सात, ४२ टाइल्स. दुकानदाराच्या तीसवरून थेट ४२!

मी हे काकांना दाखवून हळहळले. ते म्हणाले, "अगं, स्कर्टिंग कशाचं करणार आहेस?" स्कर्टिंग म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायची टाइलची पट्टी. मग मोजलं. खोलीचा घेर ४४ फूट, दरवाज्याचे तीन वजा केले की ४१, म्हणजे ६०० मिलिमीटरच्या २१ पट्ट्या. आणि कापून उरलेले तुकडे बरोबर २२. प्रत्येकाची एक लांब कड कारखान्यातली, सरळ. तीच स्कर्टिंगची वरची कड झाली. एकही टाइल जास्तीची लागली नाही.

तुमच्या खोलीचे आकडे वेगळे येतील. प्लास्टरनंतरची मापं घ्या, प्रत्येक भिंतीची दोन ठिकाणी, आणि हाच हिशोब टाइल विकत घेण्याआधी करा. आकडे फारच अडचणीचे येत असतील तर ८०० मिलिमीटरची टाइल घालून बघा. माझ्या खोलीत ती रुंदीत चार, लांबीत पाच, अशी वीस बसली असती. मी ती घेतली नाही कारण एकटीला उचलून सपाट ठेवणं जड जातं.

६०० मिलिमीटरच्या खोक्यात बहुधा चार टाइल्स येतात. मी बारा खोकी घेतली. गुजरातमधल्या मोरबीचा माल असो की आणखी कुठला, सगळ्या खोक्यांवरचा बॅच आणि शेडचा क्रमांक एकच आहे ना, ते दुकानातच वाचा. टेम्पो घरी येऊन गेल्यावर कोणी ऐकत नाही.

दोरी मारणं

खोलीचा कोपरा काटकोनात आहे असं गृहीत धरून कोपऱ्यापासून सुरुवात केली की फसलात. माझ्या खोलीचे दोन कर्ण मोजले तर २१ मिलिमीटरचा फरक होता. म्हणून भिंत सोडा आणि दोरी धरा. समोरासमोरच्या भिंतींचे मध्य काढा, दोरी निळीत बुडवून ताणा आणि टिचकी मारा. जमिनीवर निळी रेघ उमटते. तिला छेद देणारी दुसरी रेघ काटकोनात हवी: छेदापासून एका रेघेवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजा, दोन्ही टोकांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं पाहिजे. नाही आलं तर दुसरी दोरी सरकवा. छोट्या गुण्यावर (काटकोन तपासायच्या साधनावर) विसंबू नका. फूटभर गुण्यातली मिलिमीटरभर चूक बारा फुटांवर बोटभर होते.

आता कोरड्या टाइल्स एका ओळीत लांबी-रुंदीला मांडून बघा, मधे स्पेसर (फट सारखी ठेवणारे प्लास्टिकचे तुकडे) घालून. दरवाज्यात उभे राहा. माणूस खोली तिथूनच बघतो. नजरेसमोरची ओळ सरळ वाटली पाहिजे. किंचित वाकडी भिंत पलंगामागे लपते.

चिकटवणं

आदल्या रात्री टाइलच्या पाठी पुसून ठेवा. भट्टीतल्या रुळांना टाइल चिकटू नये म्हणून लावलेली पांढरी पूड पाठीला असते. बोट फिरवलं की खडूसारखी लागते. ती राहिली तर केमिकल पुडीला चिकटतं, टाइलला नाही. पाठीवर बाण असेल तर सगळे बाण एकाच दिशेला ठेवा. टाइल्स तीन-चार खोक्यांतून मिसळून घ्या. केमिकलसाठी त्या पाण्यात भिजवायच्या नाहीत, ती सवय मालाच्या कामाची.

बादलीत आधी पाणी, मग पावडर. उलट केलंत तर तळाला कोरडे गोळे राहतात. प्रमाण पोत्यावरचंच पाळा. एका वेळी पाव पोतंच कालवा, पाच-दहा मिनिटं ठेवा, पुन्हा ढवळा, मग वापरा. घट्ट झालेल्या केमिकलमध्ये पाणी घालून ते पुन्हा सैल करू नका, फेका. मला अर्धी बादली फेकावी लागली.

स्लॅब ओल्या फडक्याने पुसा, पाणी साचू देऊ नका. थापीच्या सपाट कडेने केमिकल दाबून पातळ लावा, मग आणखी घेऊन दात्यांच्या कडेने ओढा. सगळ्या रेघा एका दिशेला, सरळ. गोल गोल फिरवलेल्या रेघांत हवा अडकते आणि मधे पोकळी राहते. टाइलच्या पाठीलाही सपाट कडेने पातळ हात द्या. टाइल ठेवताना जागेपासून थोडी बाजूला टेकवा आणि रेघांना आडवी सरकवत जागेवर आणा. रेघा मोडून एक होतात. रबरी हातोडीने मधून कडांकडे हलके ठोके. चारी बाजूंना स्पेसर.

पहिली टाइल लावली की लगेच उचलून बघा. जीव तुटतो, पण बघा. माझ्या पहिल्या टाइलच्या पाठीवर मध्यभागी केमिकल पसरलं होतं आणि चारी कोपरे कोरडे होते. कोपरा कोरडा म्हणजे एखाद्या दिवशी त्यावर कपाटाचा पाय येणार आणि तो तडकणार. थापी अधिक उभी धरली, थर जाड झाला, दुसऱ्यांदा पूर्ण पाठ भरलेली निघाली. पुढे दर सातव्या-आठव्या टाइलला हेच केलं.

एका वेळी दोन टाइल्सपुरतंच पसरा. पंख्याखाली किंवा उन्हाच्या झोतात वर साय धरते. बोट लावल्यावर बोटाला चिकटलं नाही तर खरवडून नवं लावा. शेजारच्या टाइल्स एका पातळीत राहाव्यात म्हणून क्लिप आणि पाचर वापरा, नवख्या हातांसाठी त्या फार उपयोगी आहेत. पट्टी दर ओळीला फिरवा. फटीतून वर आलेलं केमिकल ओलं असतानाच काढा, दुसऱ्या दिवशी छिन्नी लागते. काम दरवाज्याकडे सरकत यायला हवं, हे सांगायची गरज नाही असं मला वाटायचं. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी खिडकीच्या बाजूला अडकले आणि काकांनी फळी आणून सुटका केली.

भिंतीशी ८ मिलिमीटर सोडलेली फट रिकामीच ठेवा. त्यात केमिकलही पडू देऊ नका. खोली वीस फुटांपेक्षा लांब असेल तर मधेही एक फट सिलिकॉन भरण्यासाठी ठेवावी. आमच्या हॉलला हे कोणी केलं नव्हतं.

कापणं

सरळ कापाला हाताने चालवायचा कटर पुरतो: एकदाच, एकसारख्या दाबाने रेघ मारायची, मग दांडा दाबायचा. दोनदा रेघ मारली की कड दातेरी येते. चौकटीभोवतीच्या एल आकाराला ग्राइंडर आणि डायमंड ब्लेड लागतं. आतल्या कोपऱ्यात आधी ड्रिलने भोक पाडा, नाहीतर तडा तिथूनच निघतो. हे काम गच्चीवर किंवा अंगणात करा. चष्मा आणि चांगला मास्क हवाच, ती धूळ फुफ्फुसात बसते. ओढणी, पदर, सैल बाह्या अजिबात नकोत. ग्राइंडरचं झाकण काढून काम करणारे कारागीर दिसतात, त्यांचं अनुकरण करू नका.

ग्राउट आणि स्कर्टिंग

निदान २४ तास त्यावर पाय देऊ नका. मग क्लिपा फटीच्या दिशेने ठोकून काढा. आडवा ठोका दिला की टाइलची कड उडते. लाकडी काठीने प्रत्येक टाइल वाजवा. माझ्या ४२मधली एक बद्द वाजली. ती मी त्याच दिवशी काढून पुन्हा लावली, कारण ग्राउटनंतर, म्हणजे फटी भरल्यावर, काढणं म्हणजे शेजारच्या चार टाइल्स धोक्यात घालणं.

ग्राउट सिमेंटचं किंवा एपॉक्सीचं. एपॉक्सी डाग धरत नाही, पण झपाट्याने घट्ट होतं आणि टाइलवर वाळलं की निघत नाही. नवख्याने स्वयंपाकघर सोडून इतरत्र सिमेंटचं घ्यावं. पांढरं घेऊ नका. आपल्या घरात चहा, हळद आणि फडकं आहे, राखाडी घ्या. रबरी थापीने फटींना तिरकं, कोनातून दाबत भरा. जरा आवळलं की घट्ट पिळलेल्या स्पंजने पुसा. स्पंज ओला असला तर फटीतलं ग्राउट बाहेर ओढलं जातं. वाळल्यावर वर पांढरी झाक येते, ती कोरड्या कापडाने जाते. अ‍ॅसिडने पुसायचा सल्ला देणारे भेटतील. ते ग्राउट खातं.

भिंतीलगतच्या फटीत मात्र ग्राउट भरायचं नाही. स्कर्टिंगची जाडी आणि मागचं केमिकल मिळून ती झाकली जाते. स्कर्टिंग लावताना खाली पत्त्याच्या दोन-तीन पानांएवढी जागा ठेवा आणि शेवटी ती सिलिकॉनने बंद करा. पानं नंतर काढायला विसरू नका. आमचा चौकट एक्का अजून सापडलेला नाही.

कपाट आठवडाभर बाहेरच ठेवा, आणि आत नेताना ओढू नका, पायांखाली गोणपाट घाला. उरलेल्या टाइल्स परत करू नका. माझ्या सहा माळ्यावर आहेत, एका खोक्याचा बॅच क्रमांक असलेला पुठ्ठा कापून त्यांच्यावर ठेवलाय.